लटका साखरपुडा, 168 दिवसांचा

भवानीपेठेची (रविवार, रात्री 10:40)

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी तेवीस वर्षांची, मानेच्या गाठीचा रिपोर्ट टीबी आलेला. मुलीला बाकावर बसवून आई मला जिन्यापाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, दिवाळीनंतर हिचं लग्न ठरवायचंय. मुलाकडच्यांना सांगायचं का?" मी उत्तर दिलं, पण ते पुस्तकातलं होतं. रात्री घरी आल्यावर वाटलं, माझं स्वतःचं उत्तर आजवर मी कुणाला पूर्ण सांगितलेलंच नाही. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "लिही. नावं तेवढी घालू नकोस." म्हणून हा धागा.

2018 चा जुलै महिना. मी सोलापुरातच एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. एक दिवस आंघोळ करताना मानेच्या उजव्या बाजूला हाताला गाठ लागली. सुपारीएवढी, न दुखणारी. त्याच महिन्यात माझी सुपारी फुटायची होती, मुलगा पुण्याचा. सुई घालून गाठ तपासली, टीबी निघाला. छातीचा फोटो स्वच्छ होता.

अप्पांना लपवाछपवी जमत नाही. ते स्वतः मुलाकडे जाऊन सांगून आले. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. ती पत्रिका दोन महिन्यांपूर्वीच बघून झाली होती. दवाखान्यानंही "बरी झालीस की ये" म्हणून घरी बसवलं. गाठीचा टीबी एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरी कुणी माझ्या बाजूनं शब्द काढला नाही, हे मला अजून लागतं.

आईनं माझं ताट आणि तांब्या वेगळा केला. तिला मी दोष देत नाही. तिची धाकटी बहीण टीबीनं गेली होती, औषध मधेच सोडल्यामुळं.

औषध सरकारी, फुकट. माझं वजन 47 किलो होतं, म्हणून रोज तीन गोळ्या. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. 56 आणि 112, मिळून 168 दिवस. टीबी विभागाचे एक कंत्राटी आरोग्य कार्यकर्ते मोटारसायकलवर काळी पिशवी अडकवून घरी आले. मूळ अक्कलकोटकडचे. सगळं नीट समजावून सांगितलं. लघवीला लालसर नारिंगी रंग येईल, घाबरायचं नाही. डोळ्यांना धूसर दिसलं किंवा रंग ओळखताना गोंधळ झाला तर लगेच सांगायचं. "तुम्हाला हे ठाऊकच आहे सिस्टर, तरी सांगतो." ठाऊक होतंच. पेशंटला मीच शंभरदा सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मोरीत तो रंग बघितला आणि मी भिंतीला धरून उभी राहिले.

निघताना त्यांनी पाणी मागितलं. आई आत पेला आणायला गेली. ती यायच्या आत त्यांनी माझ्या पुढ्यातला, माझा वेगळा केलेला तांब्या उचलला आणि वरून न ओतता, तोंड लावून पाणी प्याले. आई पेला घेऊन दारातच थांबली. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी माझं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत होतं.

"रोज गोळ्या घेतल्या की मला एक मिस्ड कॉल द्या, मी कार्डावर खूण करतो. मी उचलणार नाही, तुमचे पैसे जाणार नाहीत," एवढं सांगून ते गेले.

दर मंगळवारी यायचे. आमच्या बोळात समोरच्या कट्ट्यावर बायका विड्या वळत बसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हात खाली चालू आणि नजर बोळावर. तिसऱ्या मंगळवारी एकीनं आज्जीला विचारलंच, "कोण की गं ह्यो? दर मंगळवारी येऊलालाय."

आज्जी उंबऱ्यावर बसली होती. डोळा न हलवता म्हणाली, "जावई हाय आमचा. घरच्या घरी साखरपुडा केलाव."

हे तेव्हा गाडीला किक मारत होते. त्यांनी ऐकलं. गाडी बंद केली, माघारी आले आणि सगळ्या बायकांसमोर वाकून आज्जीच्या पाया पडले.

बाकीचं उद्या लिहिते, सकाळची ड्यूटी आहे.

---

कडकभाकरी (रविवार, रात्री 11:05)

ताई, तांब्याचा प्रसंग वाचून थांबले. आमच्याकडे काकूचं ताट वर्षभर वेगळं होतं. ती बरी झाल्यावरही त्याच ताटात जेवायची, आम्ही कुणी तिला 'आता हे घे' म्हटलंच नाही. उद्या नक्की लिहा.

---

छातीचे_डॉक्टर (सोमवार, सकाळी 7:20)

धागा चांगला आहे, म्हणून दोनतीन गोष्टी इथंच लिहून ठेवतो. टीबीचे जंतू हवेतून पसरतात, खोकल्या-शिंकांतून. ताट, तांब्या, कपडे यांतून नाही. फुप्फुसाचा टीबी असेल तर सुरुवातीला मास्क आणि खेळती हवा हवीच, पण योग्य औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्यानं कमी होतो. नुसत्या मानेच्या गाठीच्या टीबीचा पेशंट घरच्यांना धोकादायक नसतो.

लग्नाबद्दल मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. उपचार चालू असताना लग्न करायला बंदी नाही. मूल होऊ देणं मात्र कोर्स संपेपर्यंत थांबवलेलं बरं. आणि हे बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही: टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, त्यामुळं दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून घ्यावा.

पोषणासाठी सरकारकडून पेशंटच्या खात्यात पैसे येतात. एप्रिल 2018 पासून महिन्याला 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत. हेल्पलाइन 1800-11-6666.

---

निशिगंध (सोमवार, सकाळी 9:48)

गोष्ट गोड आहे, पण मला एक टोचतंय. अप्पांनी मुलाकडच्यांना खरं सांगितलं आणि आज्जीनं बोळाला खोटं. आजार लपवायला साखरपुड्याचं नाव घेतलं, म्हणजे टीबी ही लपवायचीच गोष्ट आहे हेच पक्कं झालं ना? शिवाय तो माणूस तुमचं औषध बघणारा. त्याच्यावर तुमचं सगळं अवलंबून. अशा वेळी जवळीक होणं मला बरोबर वाटत नाही. राग मानू नका.

---

भवानीपेठेची (सोमवार, रात्री 9:55)

निशिगंध, राग कशाला? तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टींनी आम्हा दोघांनाही तेव्हा झोप लागू दिली नव्हती. दोन्हींवर लिहिते, पण क्रमानं.

त्या दिवशी घरात आल्यावर हे अप्पांना म्हणाले, "आज्जींचा शब्द खाली पडू देणार नाही. कोर्स संपेपर्यंत असू दे. नंतर पत्रिका जुळली नाही म्हणून सांगा." अप्पांनी मान खाली घातली. ते वाक्य कुठून आलं ते यांना माहीत नव्हतं. मला ते ऐकून रडू आलं आणि मी आत गेले.

दोन दिवसांत कट्ट्यावरून मागणी आली, अंगठी दाखवा. आज्जीनं ट्रंकेतून तिच्या स्वतःच्या लग्नातली चांदीची अंगठी काढली. मला सैल व्हायची. तिनं विडी बांधायचा दोरा घेतला आणि अंगठीच्या आतल्या बाजूनं एकेक वेढा देत गेली. चाळीस वर्षं विड्या बांधलेली बोटं ती, दोरा कुठं संपला ते कळलं नाही. अंगठी घट्ट बसली.

पहिला महिना वाईट गेला. सकाळी रिकाम्या पोटी गोळ्या, मग तास दोन तास मळमळ. अन्नाचा वास नको व्हायचा. हे मंगळवारी येताना अंडी आणायचे आणि आईला सांगायचे, भाकरीबरोबर शेंगाची चटणी जास्त वाढा, शेंगदाण्यानं ताकद येते. त्यात एक गोष्ट होती, ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. अप्पा पूर्व भागात एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर होते. घरी सुताचे उरलेले कोन असायचे. महिन्यातून एकदा हे दोन कोन हातात धरून दाराच्या उजेडात उभे राहायचे आणि विचारायचे, "हा कुठला?" लाल. "हा?" हिरवा. गोळीतल्या इथंबुटॉल या औषधामुळं आधी लाल-हिरव्यातला फरक पुसट होऊ शकतो, म्हणून ते बघायचे. तपासणीच होती ती. पण सप्टेंबरमध्ये त्यांनी हिरवा कोन उचलला तेव्हा आज्जी मागून म्हणाली, "चुडा याच रंगाचा भरायचा." दोघंही काही बोललो नाही. कोन त्यांच्या हातात तसाच राहिला.

साखरपुडा झालेली जोडी कधीच बाहेर जात नाही, हे बोळाला खटकू लागलं. म्हणून एका रविवारी गेलो. कुठं न्यावं हे त्यांना सुचेना. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या घरात स्मारक आहे, तिथं नेलं. शाळेत असताना मी एकदा गेले होते, पण तेव्हा नुसतं फोटो बघून आले होते. 1910 साली सोलापुरात जन्मलेला मुलगा 1938 मध्ये भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला जातो, युद्धातल्या जखमींवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करतो, तिथल्याच ग्वो चिंगलान या परिचारिकेशी 1941 मध्ये लग्न करतो आणि पुढच्याच वर्षी, बत्तिसाव्या वर्षी जातो. मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मी नर्स म्हणून त्या फोटोंसमोर उभी होते. हे मागं हात बांधून उभे होते. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पुन्हा ड्यूटीवर जाल ना?" तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. घरात सगळ्यांचा विचार माझ्या लग्नापाशीच अडला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी हे आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी एक बाई आल्या, तीच काळी पिशवी घेऊन. म्हणाल्या, "तुमचं कार्ड आता माझ्याकडं." मला वाटलं, संपलं. रविवारी दारात हे उभे. अप्पांसमोर बसून सांगितलं की साहेबांना त्यांनी स्वतःहून कळवलं, या पेशंटचं काम माझ्याकडून काढा, माझं मन आता तटस्थ नाही. मला काहीही विचारायच्या आधी त्यांनी हे केलं. कोर्स पुरा होईपर्यंत मला काही बोलायचं नाही, असंही ठरवलं होतं, ते मला नंतर कळलं.

बघा कसं झालं. आधी औषधासाठी साखरपुडा खोटा खोटा केला होता. आता औषध दुसऱ्याच्या पिशवीत गेलं आणि यांना आमच्या घरी यायला कारण म्हणून फक्त तो खोटा साखरपुडाच उरला. आणि हे येत राहिले.

मिस्ड कॉल? कार्ड बाईंकडे गेल्यावर मिस्ड कॉल बाईंना द्यायला हवा होता. मी दोघांना द्यायचे. यांनी थांबवलं नाही.

---

मुक्काम_बार्शी (सोमवार, रात्री 10:31)

'माझं मन आता तटस्थ नाही' हे साहेबांना जाऊन सांगणारा माणूस. त्यांना माझा नमस्कार सांगा. कंत्राटी नोकरीत हे बोलणं सोपं नसतं, मी त्याच खात्यात काम केलंय.

---

निशिगंध (सोमवार, रात्री 10:50)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि पटलं. पहिल्याची वाट बघते.

---

भवानीपेठेची (मंगळवार, दुपारी 3:15)

पहिला प्रश्न जड आहे.

ज्या बाईनं आज्जीला "कोण की गं ह्यो" विचारलं होतं, ती दिवाळीपासून खोकत होती. सूप मांडीवर घेऊन खोकायची, तंबाखूची धूळ आहे म्हणायची. दोन आठवडे झाले, तीन झाले. ताप यायचा संध्याकाळचा. मी नर्स, शिवाय स्वतः औषध घेणारी. मला कळत होतं की हिची थुंकी तपासायला हवी. पण मी सांगायला गेले तर ती विचारणार, तुला कसं माहीत, आणि मग आज्जीचा शब्द उघडा पडणार. मी आठ दिवस गप्प बसले. त्या आठ दिवसांची मला आजही लाज वाटते. तिच्या घरात दोन लहान नातवंडं होती.

नवव्या दिवशी मी तिच्या कट्ट्यावर जाऊन बसले. ओढणी बाजूला करून मानेची गाठ दाखवली. म्हटलं, "मावशी, मला टीबी आहे. औषध चालू आहे. ते मंगळवारी यायचे ते त्यासाठीच."

तिनं हातातली विडी पूर्ण वळली, दोरा बांधला, सुपात ठेवली. मग म्हणाली, "म्हाईत हाय मला. तीच काळी पिशवी माज्या दिराकडं याची. पहिल्याच मंगळवारी वळखली."

मग विचारलंस कशाला, म्हटलं. तर म्हणाली, "बाकीच्या बायका तर्क करूलालत्या. म्हटलं तुज्या आज्जीलाच बोलू दे. तिनं जावई म्हटली, मग मी पण जावईच म्हटले."

चार महिने तिनं आमचं गुपित सांभाळलं होतं आणि स्वतःचा खोकला मात्र भीतीनं पोटात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला तपासणीला नेलं. पॉझिटिव्ह आली. नातवंडांची तपासणी झाली, त्यांना प्रतिबंधक औषध मिळालं. ती आज ठणठणीत आहे.

तर निशिगंध, तुमचं म्हणणं खरं आहे. त्या खोट्यानं मला सहा महिने कुजबुजीपासून वाचवलं, आणि त्याच खोट्यानं मावशीचे आठ दिवस घालवले. दोन्ही खरं. आज्जीवर मी रागावू शकत नाही, पण मी गप्प बसले ते मी बसले.

---

जुना_सोलापूरकर (मंगळवार, सायंकाळी 6:02)

मुली, तू भवानी पेठेची, मी बाळी वेशीचा. तुझ्या आज्जीचा शब्द मला कळतो. आपल्या गावात दरवर्षी संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते ती लग्नाचीच. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. नंदीध्वजाच्या उंच काठ्या सजवून सम्मती कट्ट्यावर आणायच्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं आणि वरून अक्षता. मी लहानपणापासून बघतो, अक्षता पडतात तेव्हा शेजारचा माणूस कोण, कुठल्या जातीचा, कुणी विचारत नाही. काठीशी लागलेलं ते लग्न सगळं गाव खरं मानून जेवतं. कोर्स कधी संपला ते लिही. माझा अंदाज आहे.

---

भवानीपेठेची (मंगळवार, रात्री 10:20)

काका, तुमचा अंदाज बरोबर आहे.

माझी शेवटची गोळी जानेवारीत, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकाला निघतात त्या दिवशी आली. आज्जी आकडे बोटांवर मोजायची. म्हणाली, "अडुसष्ट लिंगं आणि वर शंभर. झालं तुजं." वजन 52 झालं होतं. गाठीच्या जागी बारीकसा व्रण उरला होता. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गोळ्या घेतल्या, मिस्ड कॉल दिला. 168 वा. दिवसभर हे आले नाहीत. ठरल्याप्रमाणं आता पत्रिका जुळणार नव्हती.

रात्रभर मी जागी होते. बोळातून हलग्यांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा. सकाळी सात वाजले. हात सवयीनं कोनाड्याकडं गेला, तिथं रिकामी पाकिटं. सात वाजून दहा मिनिटं झाली. मी फोन उचलला आणि मिस्ड कॉल दिला.

सहा महिन्यांत त्या नंबरवरून कधी उलटा फोन आला नव्हता. त्या दिवशी आला.

"आज कसली गोळी?"

"आज गोळी नाही," मी म्हटलं.

खूप वेळ ते काही बोलले नाहीत. फोनमध्ये मोटारसायकलचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला. मग म्हणाले, "आईला घेऊन येतो." सिस्टर म्हणाले नाहीत.

दुपारी आले. त्यांच्या आईंना त्यांनी ऑक्टोबरमध्येच सगळं सांगून ठेवलं होतं, टीबी, खोटा साखरपुडा, सगळं. त्या घरात आल्या, आधी माझ्याजवळ आल्या आणि पदर सावरत माझ्या मानेवर व्रणाच्या जागी बोटं ठेवली. कन्नडमध्ये आज्जीला काहीतरी म्हणाल्या. आज्जी हसली. मला नंतर कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "गाठ गेली, आता गाठ बांधू."

मग सगळे अक्षतेला गेलो. गर्दीत हे माझ्यापासून चार हातांवर होते. अक्षता पडल्या त्या दोघांच्याही डोक्यावर पडल्या, तशा त्या तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पडतात.

खरा साखरपुडा पंधरा दिवसांनी झाला. नवी सोन्याची अंगठी केली होती, पण आज्जीनं तीच चांदीची घालायला लावली. दोरा आत तसाच होता. 2019 च्या मे महिन्यात लग्न. जूनमध्ये मी दुसऱ्या दवाखान्यात ड्यूटीवर रुजू झाले.

---

कडकभाकरी (मंगळवार, रात्री 10:44)

काकू आता आमच्याकडेच असते. तिला हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. तांब्याचं पुन्हा वाच म्हणाली.

---

निशिगंध (बुधवार, सकाळी 8:30)

त्या आईला शेवटी काय उत्तर दिलंत? मुलाकडच्यांना सांगायचं की नाही?

---

भवानीपेठेची (बुधवार, रात्री 9:40)

आज त्या आईला फोन केला. म्हटलं, सांगा. लग्न ठरायच्या आधी सांगा, मुलगी समोर बसलेली असताना सांगा, मान खाली न घालता सांगा. गाठीचा टीबी आहे, लागत नाही, सहा महिन्यांत बरा होतो, हे तिघांनी मिळून पाठ करा. जे उठून जातील ते जाऊ देत. आणि मुलाकडून कुणी पाणी मागितलं तर मुलीच्या तांब्यातूनच द्या.

मुलीला आमच्या बोळातल्या मावशीचा नंबर पण दिलाय. दोघींचं बोलणं झालं.

मुलीचा आज नववा दिवस. मळमळ फार आहे म्हणते. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तिचा मिस्ड कॉल आला.